मंचरच्या पश्चिमेला, परक्या धोतरात

आमच्या आळीतली काही मंडळी काशी करून आली. त्यातल्या एकानं गावच्या दिवाळी अंकात लिहिलं, गंगेचं पाणी किती गार, पंडे किती लबाड. तेव्हापासून तो पारावर आला की लोक सरकून त्याला जागा देतात. मी आपल्याच तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आलो, मला कुणी सरकून जागा दिली नाही. पण काशीला गेलेले आळीत ढिगानं निघतील, आहुप्याच्या अंगाला जाऊन राहिलेला माझ्याशिवाय एक दाखवा. म्हणून लिहितो. शाळा माझी तिसरीत सुटली. अक्षर वाकडं आहे, पण जे लिहितो ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आधी जगाची वाटणी सांगतो. जगाचे दोन भाग आहेत, पूर्वभाग आणि पश्चिमभाग, आणि मध्ये मंचर. शिकलेली माणसं पूर्व-पश्चिम म्हटलं की आपला देश आणि विलायत धरतात, ते त्यांच्यापुरतं. आमच्या आंबेगाव तालुक्यात, आणि वर जुन्नरातही, माणसाला कुठला म्हणून विचारा, तो गावाच्या आधी भाग सांगतो. पूर्वेला आम्ही. सपाट रान, बाजरी, कांदा, बटाटा, आणि कालव्याला पाणी आल्यापासून ऊस. पश्चिमेला डोंगर, भात, हिरड्याची झाडं, आदिवासी वाड्या आणि चार महिने न उघडणारा पाऊस. धरण त्यांच्याकडं आणि पाणी आमच्याकडं. ही वाटणी कुणी केली ठाऊक नाही, पण ती आमच्या बाजूनं झाली असं मी जन्मभर समजत आलो.

माझा एकुलता मुलगा दत्तू मास्तर आहे. नोकरी लागली तीच पश्चिमेला. आमच्याकडं पोराला पश्चिमेची शाळा मिळाली की घरात कुणी गेल्यासारखं लोक भेटायला येतात. मग जो तो ओळखी काढतो आणि दोन-तीन वर्षांत पोरगं परत आणतो. शेजारच्या बबनचं पोरगं असंच आलं. आता फटफटीवर शाळेत जातं आणि दुपारी घरी जेवायला असतं. ती फटफटी दारावरून गेली की मी ताट सारून उठायचो. दत्तूचं लग्नाचं वय टळत चाललेलं. पावणे यायचे, मुलगा कुठं आहे विचारायचे, पश्चिमेला म्हटलं की चहा पिऊन उठायचे.

आणि एक दिवस मंचरच्या बाजारात बबन मला म्हणाला, "दत्तूची बदली आली व्हती की. आपल्याच भागात. त्यानंच नको म्हणून कळवलं. तुमाला ठावं नाय?"

मला ठाऊक नव्हतं. ते बबनकडून कळावं याचा राग जास्त की दत्तूचा, हे मी अजून ठरवलेलं नाही. मी पिशवी भरली.

मंचर

दत्तूच्या आईनं मासवड्या केल्या. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वेगळ्या डब्यात तिखट रस्सा. पश्चिमेला असं काही मिळत नसणार, पोराला चव लागली की आपोआप मागं येईल, असा आम्हा दोघांचा हिशोब. मी ठेवणीतलं धोतर नेसलो. परक्या भागात जाताना आपण कोण आहोत ते लांबून दिसलं पाहिजे.

मंचरला बाजार समितीपुढं कांद्याच्या गाड्यांची रांग लागली होती. इथंपर्यंत मला निम्मी माणसं ओळखतात. खोडदचा माझा साडूही तिथं भेटला. त्याच्या बांधाला लागून सरकारनं आभाळ ऐकायच्या दुर्बिणीच्या मोठमोठ्या छत्र्या उभ्या केल्यात. त्यात त्याचं काही नाही, पण तेव्हापासून तो माझ्याशी जरा वरून बोलतो. त्याला मी कुठं चाललोय ते सांगितलं नाही.

आहुप्याची मुक्कामी गाडी दुपारी लागली. मुक्कामी म्हणजे संध्याकाळी वर जाते, तिथंच झोपते आणि सकाळी खाली येते. कंडक्टरनं माझं धोतर पाहिलं आणि म्हणाला, "पावणं, हिरडा घ्यायला निघाला जणू?"

"पोरगं घ्यायला."

"कुणाचं?"

"माझंच."

तो हसला नाही. तिकीट फाडून म्हणाला, "हिरडा स्वस्त पडतो, आप्पा."

डिंभ्याच्या पुढं

घोडेगाव मागं पडलं, डिंभे आलं, आणि खिडकीतून धरण दिसलं. एवढं पाणी मी एका जागी कधी पाहिलेलं नाही. हेच आमच्या कालव्याला येतं, ह्याच्यावरच आमचा ऊस. माझे हात आपोआप जोडले गेले. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर कोंबडी घेऊन. ती पाण्याकडं बघतच नव्हती, समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत होती. मी म्हणालो, "काय पाणी हाय, न्हाई का."

ती म्हणाली, "आमचं गाव हाय त्याच्याखाली."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुमी कुठलं?"

जन्मात पहिल्यांदा मी पूर्वभाग म्हणालो नाही. मंचरकडचा, म्हणालो. आणि मग मीही समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत बसलो.

पुढं वळणं लागली. आमच्याकडं रस्ता म्हणजे रस्ता, नाकासमोर जातो. इथला रस्ता डोंगराला विचारत विचारत जातो. एका वळणाला डब्याचं झाकण उडालं आणि मासवडीचा सगळा रस्सा माझ्या धोतरावर आला. पुढून लाल, मागून पांढरा, असा मी उतरलो.

वाडी म्हणजे डोंगराच्या कुशीत पंचवीस-तीस घरं. एका ओट्यावर दत्तू बसला होता, उघडाच, दोर वळत. त्यानं मला पाहिलं, उठला आणि ओरडून म्हणाला, "बाबा, कोण आलंय बघा."

दत्तू मला आप्पा म्हणतो. तरी मी "अरे मीच आलोय" असं म्हणून गेलो. तेवढ्यात घरातून माझ्याच वयाचा एक माणूस बाहेर आला. बाबा तो होता.

त्याचं नाव सोमा. दत्तू पहिल्या पावसाळ्यापासून त्याच्याच घरात राहतो हे मला पत्रातून माहीत होतं. बाबा म्हणतो हे पत्रात नव्हतं. सोमा काटक, काळा, आणि सगळे दात जागेवर. माझे कधीच गेले. त्यानं माझ्या धोतराकडं पाहिलं, आत गेला आणि स्वतःचं धोतर घेऊन आला. आखूड, जाड, मातकट. म्हणाला, "नेसा. तुमचं म्हातारी धुऊन टाकंल."

नको म्हणालो. मग दत्तू म्हणाला, "नेसा की आप्पा," आणि नेसावं लागलं.

घराच्या भिंती कुडाच्या, शेणानं सारवलेल्या. दाराला कडी आहे, कुलूप नाही. आमच्याकडं शेजारी जाताना देखील कुलूप लागतं. एका खुंटीवर सोमाचं मुंडासं आणि तिच्याच शेजारच्या खुंटीवर दत्तूचा शाळेचा सदरा. आमच्या घरात दत्तूची खुंटी होती, तिच्यावर आता फवारणीचा पंप टांगतो. जेवायला तांदळाची भाकरी, कैरीचं सार आणि माझ्या कोरड्या मासवड्या. सोमाच्या म्हातारीनं, म्हणजे बायकोनं, एक वडी खाल्ली आणि म्हणाली, "चांगली लागती. पर ह्याला रस्सा पायजे व्हता." कोपऱ्यात पडलेल्या माझ्या लाल धोतराकडं बघून तिघंही हसली. दत्तू सगळ्यात जास्त. असा हसताना मी त्याला घरी पाहिलेला नाही.

कडा

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मी दत्तूला गाठलं. पोरं हिरडा वेचायला पळाली होती. म्हणालो, "बदली का नको?"

तो फळा पुसत राहिला. "आप्पा, तिकडं आलो की मी दिवसभर तुमचा मुलगा असतो. हे का नाही केलं, ते का केलं. बबनचा पोरगा बघ म्हणून. इथं मला कुणी कुणाशी मापत नाही."

"मी मापतो का?"

"कालपासून तुम्ही बाबांचे दात दोनदा मोजलेत."

तरी त्याला घेऊन गेल्याशिवाय हलायचं नाही हे मी नक्की केलं.

दुपार कलल्यावर सोमा म्हणाला, चला, कडा दाखवतो. जाताना मी त्याला आडून सांगितलं की पोराचं लग्न राहिलंय, पूर्वेला घर मोठं आहे, ऊस आहे. तो म्हणाला, "न्या की. तुमचंच हाय." एवढं सहज. मी भांडणाची तयारी करून आलेलो, आणि ह्यानं मला दारातच मोकळं केलं. ज्याला सोडताना काहीच लागत नाही, त्याच्यापाशी पोरगं एवढं कसं रमतं, ह्याचाच मला जास्त राग आला.

कड्यावर गेलो आणि जमीन संपली. खरंच संपली. पायाखाली सरळ भिंत, आणि खाली निळ्या धुरात दुसरा मुलूख, शेतं, झाडं, नदीची वाकडी रेघ. मी विचारलं, "हे काय?"

"कोकण. पश्चिम ती."

"आणि तुमी?"

"आमी पूर्वेचं," सोमा म्हणाला. "खालची लोकं आमाला पूर्वेचीच म्हणत्यात. घाटावरची. लई आळशी माणसं खालची. आयतं खायची सवय. पोरी द्याव्या वाटत नाय तिकडं."

हे शब्द मी ऐकलेले होते. आमच्या पारावर, ह्याच लोकांबद्दल, माझ्याच तोंडून.

मग त्यानं बोट दाखवलं. नदीच्या पलीकडं पत्र्यासारखं काही चमकत होतं. "माझा पोरगा तिथं हाय. कारखान्यात. तिकडंच लगीन केलं. सासऱ्याला बाबा म्हंतो आणि मला म्हातारा." बोट खाली घेऊन म्हणाला, "दिवाळीला येतो म्हणला व्हता."

कुठली दिवाळी ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही दोघं खाली पाहत बसलो. मला त्याची कीव यायला पाहिजे होती. पण खरं लिहायचं तर मनात दुसरंच आलं. ह्याला निदान पोराचं गाव वरून दिसतं. वाटलं की येऊन बसावं, चमकणाऱ्या पत्र्याकडं पाहावं. माझ्या अंगणातून पश्चिमेला पाहिलं तर बबनचा ऊस दिसतो.

परत निघालो तेव्हा सूर्य कोकणात उतरायला लागला होता. तो सकाळी आमच्याकडून उठतो, दिवसभर ह्यांच्याकडं चालत येतो आणि शेवटी ह्यांनाही सोडून जातो. सोमानं वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

ठकूबाईची पडकई

तिसरा दिवस रविवार. त्या दिवशी वाडीत पडकई होती. आमच्याकडं ही चाल नाही म्हणून समजावून सांगतो. डोंगराच्या उतारावर भाताचं खाचर पाडायचं तर उतार खणायचा, दगड वेचायचे, त्या दगडांची आडवी भिंत रचायची, तिला ताल म्हणतात, आणि तिच्यामागं माती भरून सपाट करायची. एका घराला हे पेलत नाही. म्हणून उन्हाळ्यात घरटी एक माणूस निघतो आणि सगळे मिळून एकाचं खाचर पाडतात. मग दुसऱ्याचं. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं दुपारची भाकरी द्यायची, एवढंच.

हे ऐकलं आणि मला घोड नदीकाठचा माझा तुकडा आठवला. पुरानं त्याची कड खाल्लीय, तो तसाच पडलाय. आमच्या गावात माणूस पायात वहाण घालायच्या आधी रोज किती देणार ते विचारतो. आणि मी कुणाला नुसतं ये म्हणायला जाणार नाही. तेव्हा तो तुकडा नदीच खाणार.

त्या दिवशीचं रान ठकूबाई नावाच्या विधवेचं होतं. वाडीचा कारभारी उतारावर उभा राहिला आणि एकेका घराचं नाव घेऊ लागला. ज्याच्या घरचा माणूस, तो हत्यार वर करी. सोमाची कंबर धरलेली, तो वरच्या बांधावर नुसता बघायला बसला होता.

"सोमाचं घर?"

दत्तूनं पहार वर केली. "आलंय."

सवयीनं केली. बरीच वर्षं करत असणार. बाबा म्हणतो ते मी गिळलं, खुंटी गिळली, पण आपल्या डोळ्यांदेखत आपलं पोरगं भर उतारावर दुसऱ्याच्या घरचं म्हणून मोजलं जावं, हे गिळवेना. मी पुढं झालो.

"थांबा. दत्तू सोमाच्या घरचा न्हाई. माझ्या घरचा हाय."

कारभारी म्हणाला, "मग सोमाच्या घरचं कोण?"

"मी."

लोकांनी माझ्या आखूड धोतराकडं पाहिलं. एक बाई म्हणाली, "धोतर तर सोमाचंच हाय. चालंल." खसखस पिकली.

कारभारी हसला नाही. "आप्पा, ईचार करून बोला. मास्तरचं घर निराळं धरायचं का पडकईत?"

दत्तू मान हलवून नको नको करत होता. मला वाटलं, त्याला सोमापुढं संकोच वाटतोय. वरून सोमानंही हात केला. मला वाटलं, आता ह्याला लागलं. बरं वाटलं.

"धरा," मी म्हणालो. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मग मी टिकाव घेतला. आमचा पूर्वेचा बांध मातीचा आणि सरळ, त्या हिशोबानं मी दगड रचत गेलो. शेजारची बाई म्हणाली, "आप्पा, पोट बाहेर आलंय तालीचं. डोंगराकडं कलून बसवा, न्हाय तर पयल्या पावसात झोपंल."

"पूर्वेची ताल हाय ती," पलीकडून एक म्हणाला. "पाऊस बघितला की पळंल मंचरला."

मी ते दगड उतरवले आणि पुन्हा रचले. तेही पुन्हा उतरवले. तिसऱ्यांदा ती बाई काही बोलली नाही. दुपारी ठकूबाईनं नाचणीची भाकरी आणि पिठलं वाढलं. तिनं सगळ्यांच्या आधी मला वाढलं, पाहुणा म्हणून नाही, पाठमोरा सोमा समजून. मी वळलो तेव्हा तिच्या लक्षात आलं. पण भाकरी तिनं परत घेतली नाही.

दिवस मावळताना सकाळी जिथं उतार होता तिथं खाचर होतं. एका दिवसात, कुणाला एक पैसा न देता. मी कडेला उभं राहून माझी ताल पाहत होतो. डोंगराकडं कललेली, नीट. दत्तूही येऊन पाहून गेला. "चांगली झालीय आप्पा," म्हणाला. सोमाच्या कुठल्याही तालीइतकी चांगली, असं त्यानं म्हणावं म्हणून मी थांबलो. तो म्हणाला नाही.

मग कारभाऱ्यानं मला बोलावलं. म्हणाला, "आप्पा, मास्तरचं घर धरलंय. आता फेरा पुरा करावा लागंल."

"कसला फेरा?"

"पडकईत घर शिरलं की सगळ्या घरांची खाचरं व्हईस्तवर निघता येत नाय. दर उन्हाळ्यात थोडी व्हत्यात. चार-पाच उन्हाळं तरी जातील."

"पर दत्तूला हितं रान न्हाई."

"म्हणून तर सोमाच्या नावावर व्हता. कवा बी जाऊ शकला असता. सोमानं दुसरा माणूस दिला असता." त्यानं माझ्या मागंपुढं पाहिलं. "आता तुमच्या घरचं दुसरं माणूस कोण हाय हितं?"

मी दत्तूकडं पाहिलं. तो पहारीला लागलेली माती खरवडत होता. हसत होता की नाही ते मला दिसलं नाही, आणि मी जवळ जाऊन पाहिलं नाही.

मला म्हणता आलं असतं की चुकून बोललो. मला कोण अडवणार होतं. पण भर उतारावर, ठकूबाईच्या रानात, सगळ्या वाडीपुढं माझ्या घराचं नाव मी घेतलं होतं. आमच्या घरात दिलेला शब्द कुणी माघारी घेतलेला नाही, आणि पश्चिमेपुढं तर मुळीच घेणार नाही.

घराकडं चढताना सोमा म्हणाला, "मी वरनं हात केला व्हता."

"बघितला."

"मग?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

"काय न्हाई," मी म्हणालो. तो हसला. सगळे दात दाखवून.

माघारी

सकाळची गाडी सुटायची होती. माझ्या धोतरावरचा डाग म्हातारीनं दोनदा धुऊनही गेला नव्हता. सोमा म्हणाला, हे माझंच नेसून जा. दत्तू म्हणाला, "आप्पा, तुमचंच धुतलेलं नेसा, हे सोडा. मीच देतो बाबांना, तुम्ही कशाला ओझं नेता." मी नको म्हणालो. का नको, ते त्याला कळलं नाही. आणि कळू नये म्हणून मी पिशवी उचलली.

सोमाही गाडीपर्यंत यायला निघाला होता. दत्तू त्याला म्हणाला, "बाबा, तुम्ही थांबा, कंबर दुखंल. मी बसवून येतो आप्पांना." आणि गाडी सुटेपर्यंत तो एकटाच माझ्यापाशी खिडकीखाली उभा राहिला. मी म्हणालो, फळा पुसताना धूळ नाकात जाती, तोंडाला फडकं बांधत जा. तो बांधतो म्हणाला.

मंचरला बबन भेटला. त्यानं माझ्या धोतराकडं पाहिलं, माझ्या शेजारी कुणी नाही हे पाहिलं, आणि विचारलं, "आणलं का पोरगं?"

"आमच्या घरचा फेरा चालू हाय तिकडं," मी म्हणालो. "तो पुरा व्हईस्तवर कसा यील?"

बबनला काही कळलं नाही. कुणाच्या घरचा कसला फेरा, हे विचारायची त्याला लाज वाटली, आणि मला घरी जाईपर्यंत बरं वाटलं.

घरी दत्तूची आई दारातच होती. तिनंही आधी माझ्या मागं पाहिलं, मग धोतराकडं.

"दत्तू कुठंय?"

"त्याच्या घरचा फेरा चालू हाय."

"कुणाच्या घरचा?"

सोमाचं नाव ओठावर आलं होतं. म्हणालो, "आपल्या."

तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि मध्ये एकदाच बोलली, मासवड्या आवडल्या का म्हणून. मी म्हणालो, रस्सा पाहिजे होता.

धोतर तिनं धुतलं, उन्हात वाळवलं, घडी घालून पेटीत ठेवलं. येत्या चैत्रात न्यायचं आहे. दत्तूनं पत्र पाठवलंय, गावाकडून येणाऱ्या कुणाबरोबर पाठवलं तरी चालेल, बाबांना काही घाई नाही. मी उत्तर लिहिलंय. धोतर कुणाबरोबर येणार नाही. ते मीच नेऊन देणार.